तरवड : घटावरचे फूल, गावकुसाबाहेरची साल

१/ धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या मुरमाड उतारांवर पिवळ्याधमक फुलांचे एक सदाहरित झुडूप दिसते. ते तरवड. त्याला ना खत लागते ना पाणी, आणि गुरेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. आज रानटी समजल्या जाणाऱ्या या झुडपाच्या सालीवर एके काळी दख्खनची बागायत अवलंबून होती. त्याविषयी हा धागा.

२/ लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असे नाव दिले. देठाशी असलेल्या कानासारख्या उपपर्णांवरून हे नाव आले. संस्कृतात ती आवर्तकी, तेलुगूत तंगेडू, तमिळमध्ये आवारम. दख्खनच्या माळापासून श्रीलंकेच्या कोरड्या किनाऱ्यापर्यंत ती आढळते.

३/ तिच्या सालीत टॅनिन विपुल असते. ते कातड्यातील प्रथिनांशी बांधले गेले की कातडे कुजत नाही. विहिरीवरची मोट चामड्याची असे आणि ती रोज पाण्यात बुडे. कमावलेल्या कातड्याशिवाय मोट नाही, आणि मोटेशिवाय विहिरीवरचे बागायत नाही. बाभूळ, हिरडा आणि तरवड यांच्या साहाय्याने कातडे कमावण्याचे काम प्रामुख्याने ढोर समाजाकडे होते.

४/ दक्षिणेत याच सालीने कमावलेली कातडी 'ईस्ट इंडिया किप्स' या नावाने मद्रास बंदरातून इंग्लंडला जात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांसाठी सरकारने हा व्यापारच आपल्या नियंत्रणाखाली घेतला.

५/ पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॉटलची साल आली, क्रोमची रासायनिक पद्धत रुजली. गावात आधी लोखंडी मोट आली, मग इंजिन आणि विजेचा पंप. तरवडाच्या सालीची मागणी ओसरली.

६/ फुलाचा मान मात्र टिकला. तुळजाभवानीच्या या मुलखात नवरात्रात अनेक घरांत घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. त्याच दिवसांत तेलंगणात बतुकम्मा याच फुलांनी सजते. १९४८ पर्यंत हे दोन्ही प्रदेश निजामाच्या एकाच राज्यात होते. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या तेलंगणाने तंगेडूला राज्यपुष्प केले.

७/ झुडूप एकच, पण त्याचे फूल देवघरात गेले आणि साल वापरणारा माणूस गावकुसाबाहेर राहिला. त्याने कमावलेल्या चामड्याच्या मोटेचे पाणी गावाच्या पिकाला चालले. त्याच्या हातचे पाणी मात्र गावाला चालले नाही. तरवडाचा इतिहास सांगताना फुलाबरोबर हेही सांगितले पाहिजे.