अर्ध्या टक्क्याचा प्रश्न

दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे कार्बोलिक आम्ल तीव्र स्वरूपात त्वचा भाजून काढते. पाण्यात पुरेसे विरल केले म्हणजे तेच जखमेचे रक्षण करते. ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली शस्त्रक्रियेत त्याचा अवलंब केला व १८६७ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे लस टिकविण्याचे कामही या द्रव्याकडे आले, आणि त्याच्या अवघ्या अर्ध्या टक्क्यावरून एका शास्त्रज्ञाची अब्रू पणाला लागली. ती हकीकत मुंबईशी निगडित असल्याने आम्ही येथे सादर करीत आहोत.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. जंतू वाढवून ते उष्णतेने मारावयाचे आणि लशीत अन्य जंतू वाढू नयेत म्हणून अर्धा टक्का कार्बोलिक मिसळावयाचे, अशी ही रीत होती. १८९९ पासून परळच्या जुन्या राजभवनात हे कार्य चालू लागले. तेथील बाटल्या दूरदूरच्या प्रांतांत जात.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. नव्या पद्धतीत हाफकिन यांनी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवून कार्बोलिक वगळले होते. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद सोडावे लागले.

परंतु बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि इतक्या विरल कार्बोलिकला ते सहसा दाद देत नाहीत. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून त्यांची बाजू मांडली. हाफकिन दोषमुक्त होऊन सेवेत परतले, मात्र मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. परळच्या संस्थेस त्यांचे नाव १९२५ साली मिळाले.

मुलकोवालची ती माणसे मात्र परतली नाहीत. परळला बंद झालेली बाटली गावात उघडेपर्यंत ती किती हातांतून जाते, आणि त्यांतील शेवटचा हातही पहिल्याइतकाच जबाबदार असतो, हे दूरदेशी कामे करणाऱ्या आपणांस निराळे सांगावयास नको.