मुंबईची कुत्री कुठे गेली?

लढायांच्या गोष्टी ऐकायला येणाऱ्यांनी आज थोडं सांभाळून घ्या. आजच्या गोष्टीत फौज आहे, रसद तोडणंही आहे, पण भांडण आहे ते भटक्या कुत्र्यांवरून.

निमित्त असं झालं. गेल्या पावसाळ्यात इथे बडोद्याला आमच्या सोसायटीच्या गटारात अडकलेली एक कुत्री आम्ही बाहेर काढली. मागचा पाय मोडलेला होता. (विश्वामित्रीला पूर आला की आमच्याकडे मगरीही येतात, त्या मानाने हे काम सोपं.) पाय बरा झाला आणि मग प्रश्न आला, हिला ठेवायचं कुठे? चार जणांनी एकच सल्ला दिला, "कर्नलसाहेब, पांजरापोळात देऊन टाका." हा शब्द आपण किती सहज वापरतो! पण मुंबईच्या पांजरापोळामागे कुत्र्यांवरून झालेला एक दंगा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

साल १८३२. मुंबईत कंपनी सरकारचं राज्य. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने वर्षातले ठरावीक दिवस भटकी कुत्री मारायची, असा नियम आधीपासून होता. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं, त्यामुळे मारणाऱ्यांचा उत्साह असा की रस्त्यावरची पुरेनात, तेव्हा लोकांच्या आवारातलीही ओढून काढू लागले.

आता पारशी समाजात कुत्र्याचं स्थान काय, हे सरकारी साहेबांना कळलं नव्हतं किंवा कळूनही त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडल्याशिवाय त्यांचे अंत्यविधी पुरे होत नसत. त्या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम मानतात. अशा लोकांच्या दारात कुत्री मारत होते.

६ जूनला कोटात पारशांच्या जमावाने कुत्री मारायला आलेल्या पोलिसांना धरून चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. बंदात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान दुकानदारही उतरले. न्यायाधीशांच्या घोडागाडीवर घाण फेकली गेली. आणि फौजी म्हणून माझं लक्ष जिथे थांबलं ती गोष्ट अशी: कुलाब्याच्या छावणीकडे जाणारं अन्नपाणी लोकांनी अडवलं. तेव्हा कुलाबा वेगळं बेट होतं, कॉजवे पुरा झाला १८३८ साली. म्हणजे पाव विकणाऱ्या आणि पाणी वाहणाऱ्या माणसांनी एका गॅरिसनची रसद तोडली, तीसुद्धा एकही गोळी न झाडता! सरकारने जमावबंदीचा कायदा वाचून दाखवला, फौज उतरवली, धरपकड केली. पण नंतर जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेठियांनी अर्ज केले आणि तडजोड निघाली. कुत्री मारायची नाहीत, पकडून शहराबाहेर न्यायची.

वाचायला किती बरं वाटतं. त्या कुत्र्यांना कुठे सोडलं, तिथे त्यांना कोणी खायला घातलं का, हे बघायला कोणी गेलं असेल का?

मला शंका यायचं कारण आहे. ही १८३२ची युक्ती मी स्वतः वापरली आहे. कॅप्टन असताना आमच्या युनिटची इन्स्पेक्शन ठरली. लंगरमागे नऊ कुत्री होती, जवानांनी वाढवलेली. "लाइन्स साफ करा," असा हुकूम आला. मारायला कोणी तयार होईना, मीही नाही. मग मीच मार्ग काढला. वन-टन गाडीत घालून तीस किलोमीटरवर, राजस्थानातल्या एका वस्तीजवळ सोडून आलो. आपण दया केली, असंच तेव्हा वाटलं. सहाव्या दिवशी त्यातला एक परत आला, चारही पंजे सोललेले. लंगरच्या कुकने इन्स्पेक्शन संपेपर्यंत त्याला लाकडांच्या ढिगामागे लपवलं आणि मला सांगितलंही नाही. बाकीच्या आठांचं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

मुंबईच्या शेठियांनी निदान पुढची पायरी गाठली. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभं केलं. आज तिथे गाई दिसतात, पण सुरुवातीच्या हेतूत गोळीपासून वाचवायची कुत्री आणि डुकरं होती. मोठं काम, यात वाद नाही. पण गाय कळपात रमते. कुत्र्याला माणूस लागतो. दाटीने ठेवलेल्या कुत्र्यांत पार्वो, डिस्टेम्पर असे रोग पसरायला वेळ लागत नाही.

मारा, बाहेर न्या, कोंडा: हा वाद अजून चालूच आहे. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं, २२ तारखेला तो आदेश बदलून नसबंदी आणि लस देऊन जुन्याच जागी सोडा, असं म्हटलं. पिसाळलेली आणि चावरी सोडून. चावलेल्या मुलाच्या आईबापांचा राग मी खोटा म्हणणार नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही.

आमच्या कुत्रीला मात्र मी पांजरापोळात दिलं नाही. घर शोधायला दोन महिने गेले. तीन घरं मी स्वतः नाकारली. एकाला फक्त राखण हवी होती, एकाच्या बायकोला विचारलेलंच नव्हतं, एक जण वर्षभरात पुण्याला बदलून जाणार होता. शेवटी मांजलपूरचे एक शिंपी तयार झाले. त्यांना मी फौजी रिवाजाने हँडिंग ओव्हर नोट दिली: रेबीजची लस कधी, नसबंदी कधी, झाडूला घाबरते, खिचडी खाते पण मिरची नको. जुनं पांघरूण बरोबर दिलं. दोन आठवडे पट्टा सोडायचा नाही, असं बजावलं, कारण या दिवसांत कुत्रं जुन्या जागेकडे पळतं.

महिन्याभराने मी बघायला गेलो. शिलाई मशीनखाली बसली होती. मी पायरी चढलो तशी उठली आणि माझ्यावरच भुंकली. शिंपीभाई ओशाळून म्हणाले, "साहेब, राग मानू नका, ती गिऱ्हाइकांवरही भुंकते." मी पायरीवरूनच परत फिरलो.