ॲल्युमिनियमची मोटार जोडायची कशी?

आज आपण मोटारीच्या इतिहासातला एक दुर्लक्षित प्रश्न घेऊ या: ॲल्युमिनियमचे दोन भाग एकमेकांना जोडायचे कसे? प्रश्न साधा वाटतो. पण गाडी हलकी करायची म्हटलं की पहिली अडचण इथेच येते. अपघातात गाडी आतल्या माणसाला सांभाळेल की नाही, हेही बरंचसं या जोडावर ठरतं.

आधी धातूचा स्वभाव पाहू. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, आणि तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आतलं पाणी झालं तरी साल शाबूत! शिवाय लोखंडासारखं हे आधी लालबुंद होत नाही. वेल्डर रंगाची वाट पाहत बसला, तर भोकच पडायचं. जुने कारागीर गॅसच्या ज्योतीबरोबर फ्लक्स वापरून हा पापुद्रा काढत. पण फ्लक्स नीट धुतला नाही, तर पुढे तोच धातू खाई.

वाट मोकळी झाली ती विमानांच्या कारखान्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनची कांडी आणि हेलियम वायूचं आवरण वापरून मॅग्नेशियम जोडण्याची पद्धत बसवली. हीच आजची टिग. ॲल्युमिनियमसाठी तिच्यात सहसा एसी प्रवाह वापरतात: एका अर्ध्या फेरीत पापुद्रा फुटतो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत उष्णता आत जाते. जोड सुबक होतो, पण काम संथ, आणि हात कसलेला हवा. १९४८मध्ये अमेरिकेतल्याच बॅटेल संस्थेत मिग पुढे आली. तिच्यात तारच सतत वितळत जाते, त्यामुळे वेग वाढला. पुढे ती रोबोच्या हातीही सहज देता आली.

मग प्रश्न सुटला का? नाही. गाडीच्या सांगाड्यातले बरेच मिश्रधातू उष्णतेची ठरावीक प्रक्रिया देऊन मजबूत केलेले असतात. ६०६१-टी६ हा असाच एक. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाशेजारच्या पट्टीत त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. शिवण दिसायला सुरेख. कमजोर जागा मात्र तिच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी.

म्हणून पुढचा विचार वेगळाच झाला: धातू वितळवायचाच कशाला? १९९१मध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत फ्रिक्शन स्टर वेल्डिंग जन्माला आलं. फिरती पिन सांध्यात दाबून पुढे न्यायची. घर्षणानं मऊ झालेला धातू कणकेसारखा एकत्र मळला जातो. होंडानं २०१२मध्ये अकॉर्डच्या पुढच्या सबफ्रेममध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियम याच तत्त्वावर जोडलं. अर्थात त्याला दणकट यंत्र आणि पक्की पकड लागते. अडचणीच्या कोपऱ्यात मिगची बंदूक पोहोचते, हे यंत्र पोहोचेलच असं नाही.

आणखी एक वाट तर वेल्डिंगलाच बगल देते. २००३च्या जॅग्वार एक्सजेचा सांगाडा मुख्यतः सुमारे ३२०० रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांच्या जोरावर उभा राहिला. ज्या विमानांनी टिग दिली, त्यांचीच रिव्हेटची जुनी विद्या अशी नव्या रूपात मोटारीत आली.

तेव्हा यातली श्रेष्ठ पद्धत कोणती, असं विचारण्यात अर्थ नाही. पातळ, नाजूक दुरुस्तीला टिग. लांब शिवणी भराभर घालायच्या तर मिग. सरळ, सपाट सांध्याला घर्षण. पत्र्यावर पत्रा बसवायचा तर रिव्हेट आणि चिकटद्रव्य. पण एक गोष्ट आपण गाडीमालक म्हणून लक्षात ठेवू या. कारखान्यानं जिथे मुद्दाम रिव्हेट मारलाय, तिथे दुरुस्तीच्या वेळी कुणी सरळ मिग चालवली, तर गाडी दिसायला पूर्वीसारखी होईल; पुढच्या धडकेत ती पूर्वीसारखी वागेल, याची खात्री मात्र उरत नाही. म्हणून गाडी दुरुस्तीला देताना बिलाबरोबर हेही विचारायचं: मूळ जोड कोणता होता, आणि तुम्ही कोणता करणार?