पहारेकरी आणि छायाचित्र

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील एका मैदानावर शालेय धावण्याच्या शर्यती होत्या. माझी मुलगी 400 मीटरच्या शर्यतीत तिसरी आली. मी खिशातला मोबाइल काढून तिचे छायाचित्र घेतले, तोच एक गणवेशधारी पहारेकरी धावत आला. ‘फोटो मना है, डिलीट कीजिए.’ कोणत्या नियमाने, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘ऊपर से ऑर्डर है.’ मुलीसमोर वाद नको म्हणून मी चित्र पुसून टाकले. मी स्वतः सरकारी नोकर आहे. ‘वरून हुकूम आहे’ हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. त्यामुळे रागाइतकेच कुतूहलही वाटले : हा हुकूम वर जन्मला तरी केव्हा?

याच शहरात एके काळी मैदानावर कॅमेऱ्याचे अगत्याने स्वागत होत असे. इंडिया गेटजवळ 1933 साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर उभे राहिले. तेच पुढे नॅशनल स्टेडियम झाले आणि आज ते मेजर ध्यानचंद यांच्या नावाने ओळखले जाते. 4 मार्च 1951 रोजी तेथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्‌घाटन झाले. 11 राष्ट्रांचे खेळाडू आले होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला जगाच्या दृष्टीस पडण्याची उत्कंठा होती. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी त्याच दशकात, त्याच स्टेडियममध्ये, शांततेचे कबुतर सोडणारे पंडित नेहरू टिपले. ते छायाचित्र त्या काळाची खूण होऊन राहिले.

पुढे भय आले, आणि ते निष्कारण नव्हते. 1972 साली म्यूनिक येथील ऑलिंपिकमध्ये 11 इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. तेव्हापासून जगातील प्रत्येक मोठ्या स्पर्धेभोवती पहारा वाढला. 1982 साली दिल्लीत पुन्हा आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा पंजाबातील आंदोलनाची धग राजधानीपर्यंत येईल अशी धास्ती होती. हरियाणातून येणाऱ्या शीख प्रवाशांना वाटेत अडवून त्यांच्या झडत्या घेण्यात आल्या. स्पर्धा पार पडल्या, पण त्या अपमानाची सल फार काळ टिकली. अतिउत्साही बंदोबस्ताची किंमत अशी मागाहून चुकवावी लागते.

भयापाठोपाठ व्यापार आला. 1982 सालीच दूरदर्शन रंगीत झाले आणि खेळाच्या चित्राला बाजारभाव येऊ लागला. 1993 च्या हीरो चषकाच्या वेळी प्रक्षेपणाच्या हक्कावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या त्या खंडपीठाने सांगितले की, प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय. तीवर सरकारचीही मक्तेदारी नाही. पण मक्तेदारी निराळ्या दाराने परत येते. 2012 साली इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाने गेटी इमेजेससारख्या केवळ छायाचित्रे पुरवणाऱ्या संस्थांना प्रवेश नाकारला. निषेध म्हणून रॉयटर्स, एएफपी आणि एपी या वृत्तसंस्थांनी वार्तांकन थांबवले. वानखेडेवर पीटरसनने 186 धावा काढल्या, तेव्हा त्यांचे छायाचित्रकार तेथे नव्हते.

सुरक्षा आणि विक्री ही दोन कारणे निरनिराळी आहेत. परक्या मुलांची चित्रे कोणीही घेऊ नयेत, हे तिसरे कारणही रास्तच. परंतु दारापाशी पोहोचेपर्यंत या तिन्हींचा मिळून ‘मना है’ एवढाच एक शब्द उरतो. कायदा इतका संदिग्ध नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र घेणारा हाच त्याचा कर्ता. व्यवस्थापकाने तिकिटावर अट छापावी, आणि ती मोडणाऱ्यास बाहेर जाण्यास सांगावे. तो त्याचा हक्क आहे. मात्र मोबाइल हिसकावणे किंवा चित्र पुसावयास लावणे हा हक्क त्यातून निघत नाही. खासगी पहारेकरी पोलीस नव्हे. 2005 च्या कायद्याने त्याला पोलिसासारखा गणवेश चढवण्याचीही बंदी आहे.

तरीही त्या पहारेकऱ्याला दोष देणे मला साधत नाही. बारा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाला हुकूम मिळतो, कारण मिळत नाही. हुकूम मोडू दिला तर नोकरी जाईल, एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून त्याच्याशी हुज्जत न घालता, शांतपणे लेखी नियम मागावा आणि अधिकाऱ्याला गाठावे.

मी तसे पत्र लिहिले. उत्तर आले : असा कोणताही लेखी नियम नाही. त्या दिवसापासून माझ्या कार्यालयाच्या दारावर जी सूचना लागते, तिच्याखाली कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहिलेले असते. मुलीची ती शर्यत मात्र कोणत्याही चित्रात नाही.