जुन्या यंत्राचा दुभाषा

घोडपदेवच्या चाळींतील आमच्या खोलींत वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. गिरणीची पाळी संपवून आलेलीं शेजारचीं माणसें दारांत उभीं राहून त्यावर ‘कामगार सभा’ ऐकत. पुढें गाणीं व बातम्या एफ्. एम्. लहरींवर गेल्या आणि जुन्या यंत्रास ऐकण्याजोगें फारसें उरलें नाहीं. त्याच्यासाठीं एक परिवर्तक घरींच करून पाहिला. त्या निमित्तानें जो इतिहास हातीं लागला, तो वाचकांपुढें ठेवतों.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. तें केंद्र मध्यम लहरींवर चाले. ह्या पद्धतींत आवाजाप्रमाणें लहरीची उंची कमीअधिक होते. वीज चमकली कीं तीहि त्या उंचींत भर घालते. म्हणूनच पावसाळ्यांत रेडिओ खरखरतो. एडविन आर्मस्ट्राँग ह्या अमेरिकन संशोधकानें यावर तोड काढली: उंची स्थिर ठेवून लहरीची कंपनसंख्या बदलावयाची. ह्या शोधाचे हक्क त्यास १९३३ सालीं मिळाले. पण बड्या कंपन्यांशीं लढतां लढतां त्याचें धन व मनःस्वास्थ्य दोन्हीं खचलीं, आणि १९५४ सालीं त्यानें आत्मघात केला. त्याच्या पत्नीनें दावे पुढें चालविले. शेवटचा निकाल १९६७ सालीं तिच्या बाजूनें लागला. आपल्या देशांत हें ध्वनिक्षेपण १९७७ सालीं मद्रासेंत सुरू झालें.

आमचा पहिला प्रयत्न भाबडा होता. १००.७ मेगाहर्ट्झची लहर ९९.७ च्या स्थानिक लहरीशीं मिसळली कीं दोहोंतील अंतर १ मेगाहर्ट्झ होतें, व तें जुन्या तबकडीवर सांपडतें. सांपडलें खरें; पण शब्दांऐवजीं नुसती फाटकी घरघर ऐकूं आली. कारण उघड होतें. मध्यम लहरींचा रेडिओ सुमारें १० किलोहर्ट्झ रुंदीची वाट मोकळी ठेवतो, एफ्. एम्. ची लहर मात्र दोन्ही बाजूंस ७५ किलोहर्ट्झपर्यंत हेलकावे खाते. हत्तीला चाळीच्या जिन्यानें वर नेण्यासारखेंच तें!

मग लहर आधीं १०.७ मेगाहर्ट्झवर उतरविली, तिच्यांतील आवाज निराळा काढला, आणि तो हजार किलोहर्ट्झच्या एका दुबळ्या लहरीवर चढविला. परिवर्तकाची तार रेडिओच्या एरिअलभोंवतीं केवळ गुंडाळली. ती लहर खोलीबाहेर जाऊं नये एवढीच तिची शक्ति ठेवली. निवेदिकेचा स्वर स्वच्छ उमटला. बासरीची धार मात्र बोथटली, आणि शेजारचा दिवा लागतांच जुनी खरखर परत आली. जी खरखर घालविण्यासाठीं आर्मस्ट्राँगनें आयुष्य वेंचलें, ती शेवटच्या पायरीवर पुनः घरांत शिरली.

तथापि एक गोष्ट मनांतून जात नाहीं. दोन लहरी मिसळून कंपनसंख्या खालीं आणण्याची जी युक्ति त्यानें १९१८ सालीं साधली, तीच ह्या जुन्या रेडिओच्या पोटांत आहे आणि तीच आमच्या परिवर्तकांतहि. म्हणजे जुनें यंत्र व नवी लहर हीं एकाच बापाचीं लेकरें! जुन्यास नवी भाषा शिकवितां आली नाहीं. दुभाषा ठेवावा लागला, आणि दुभाष्याच्या तोंडून कांहीं गळावयाचेंच. पण आमच्या वृद्ध मातोश्रींनीं तबकडीचा पिवळा उजेड पाहिला व खुर्ची जवळ ओढून घेतली. गळलें तें त्यांच्या कानीं आलें नाहीं.