गार्व्हीचे भूत

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडे उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही तिथली मोजणी. जमैकाच्या रेगे संगीताकडे आम्ही वळलो ते याच वाटेने. तेही उसाच्या फडात राबवल्या गेलेल्यांच्या वंशजांचे गाणे. १८३८ साली तिथली गुलामी पुरती संपली आणि १८४५ पासून मळ्यांवर हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर उतरू लागले.

केनियाच्या जोमो केन्याटांच्या बिरुदावरून नाव घेतलेल्या 'बर्निंग स्पिअर' या त्रयीचा 'मार्कस गार्व्ही' हा संग्रह १९७५ साली आला. मुख्य गायक विन्स्टन रॉडनी आणि कृष्णवर्णीयांचे पुढारी गार्व्ही, दोघेही सेंट अ‍ॅन परगण्यातले. त्यातल्या 'स्लेव्हरी डेज'मध्ये गायक पुन्हापुन्हा एकच विचारतो, ते दिवस आठवतात का? (आमच्याकडे आठवण ठेवण्याचे काम मुकादमाची वही करते, आणि तीही फक्त उचलीची.) निर्माता जॅक रुबी. मात्र 'आयलंड' कंपनीने परदेशी कानांसाठी ध्वनिमिश्रण सौम्य केले, आणि ते रॉडनींना रुचले नाही.

१९७६ साली त्याच ध्वनिफितींवरून 'गार्व्हीज घोस्ट' हा त्यांचा पहिला डब-संग्रह निघाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबींनी किंग्स्टनमध्ये घडवलेली डबची रीत अशी: गायन काढून घ्यायचे, ढोल आणि बास पुढे आणायचे, मधेच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. पण हे मिश्रण झाले लंडनमध्ये. टबींच्या हातची धार त्यात नाही, हे आम्ही मान्य करतो.

तरीही 'स्लेव्हरी डेज'चे डबरूप ऐकताना आम्ही थबकलो. त्याचे नावच बदलले आहे, 'आय अँड आय सर्व्हाइव्ह'. प्रश्न बहुतांशी पुसला गेला आहे; विचारणाऱ्याचा आवाज क्षणभर येतो आणि विरतो. उरते ती बासची संथ, न थकणारी चाल. ज्यांच्या स्मृतीसाठी गाणे रचले त्यांचेच शब्द परक्या शहरात पुसले जावेत, ही तक्रार रास्तच. पण मूळ गाण्यात शब्दांकडे कान लागल्याने जे निसटत होते, ते अंगमेहनतीचे ओझे इथे उघडे पडते, असे आम्हांस वाटते.

रॉडनींनी पुढे स्वतःची 'स्पिअर' ही कंपनी काढली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या 'लिव्हिंग डब'चे मिश्रण जमैकाच्याच सिल्व्हन मॉरिस यांनी केले.