लाल ड्रेसची कुळकथा

कॅनडात मे उजाडला की झाडांच्या फांद्यांवर, घरांच्या दारांत, पुलांच्या कठड्यांना लाल ड्रेस लटकलेले दिसतात. आत कोणी नसतं. बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या मूलनिवासी स्त्रियांची ही खूण, आणि ती फार जुनी नाही.

तिचा जन्म विनिपेगचा. जेमी ब्लॅक या मेटी (मूलनिवासी-युरोपीय मिश्र वारशाच्या समाजातल्या) कलावतीने 2010 च्या सुमारास लोकांकडून वापरलेले लाल ड्रेस मागवले आणि 2011 मध्ये विनिपेग विद्यापीठात ते टांगले. कल्पनेचं बी मात्र कोलंबियातलं. बोगोटाच्या चौकात लाल पोशाखातल्या बायका आपल्या बेपत्ता माणसांचा जाब विचारताना तिने पाहिल्या होत्या. रंगामागची श्रद्धा तिला एका मूलनिवासी स्नेह्याकडून कळली: आत्म्यांना दिसतो तो फक्त लाल.

तेव्हा मूलनिवासी महिलांच्या राष्ट्रीय संघटनेने 582 प्रकरणं स्वतः खपून नोंदवली होती. देशभराचा पोलिसी आकडा आला 2014 मध्ये: 1980 ते 2012 या काळातले 1,017 खून, शिवाय 164 बेपत्ता. म्हणजे ड्रेस आधी आला, सरकारी मोजदाद मागून. त्याला ना परवानगी लागत होती ना निधी. कपाटातला जुना ड्रेस आणि एक हँगर पुरत होता, म्हणूनच तो दालनातून निघून घरोघरी पोचला.

तारीख मिळाली ती सीमेपलीकडून. मोंटानातल्या नॉर्दर्न शायेन जमातीच्या एका तरुणीचा 2013 मध्ये खून झाला. तिचा जन्मदिवस 5 मे. अमेरिकी सिनेटने 2017 मध्ये तो स्मरणदिन मानला. कॅनडातला ‘रेड ड्रेस डे’ही त्याच दिवशी पाळतात.

कॅनडाच्या राष्ट्रीय चौकशीने 2019 मध्ये या हिंसेला वंशसंहार म्हटलं आणि 231 मागण्या मांडल्या. त्यांतल्या बहुतेक अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. खुणेला मान मिळाला, शोधाला मिळेलच असं नाही. याच विनिपेगमध्ये 2022 साली, खून झालेल्या दोन मूलनिवासी स्त्रियांचे अवशेष कचरा डेपोत असावेत हे ठाऊक असूनही पोलिसांनी तिथे शोध घेणं व्यवहार्य नसल्याचं सांगितलं. लेकी रस्त्यावर उतरल्या, प्रांताच्या निवडणुकीत तो मुद्दा गाजला, सरकार बदललं. मग खोदकाम झालं आणि 2025 मध्ये दोघीही सापडल्या.